यामाहा एजी०३ एमके२ : गणपतीतली भजनं आणि डबलबारीचं लाईव्ह, एक वर्ष वापरून

आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटर, आणि वाडीतली निम्मी घरं मुंबईला. गणपतीला सगळे चाकरमानी येतात पण ज्यांना रजाच मिळत नाही किंवा तिकीटच मिळत नाही ते तिकडे नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला बसून मोबाईलवर घरचं भजन बघतात. हे लाईव्ह गेली तीन वर्षं मी करतोय. पहिली दोन वर्षं नुसता फोन ट्रायपॉडवर लावून. तेव्हा काय व्हायचं, बुवांनी पेटीवर सूर धरून अभंग उचलला की सगळं छान, आणि मग गजराला झांज सुरू झाली की फोन स्वतःहून आवाज दाबून टाकायचा, बुवांचा गळा पार तळाला, पखवाज तर नाहीच, आणि झांज थांबली की परत हळूहळू सगळं वर यायचं, पंख्याची घरघर, मागे बसलेल्या बायकांचं बोलणं, बाहेरचा बेडूक सुद्धा. फोनमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करायची सोय असते ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, भजनासाठी नाही. काकांचा फोन आला होता, "अरे झिला, पखवाज खय गेलो? नुसती झांज ऐकाक येता." काका स्वतः पंचवीस वर्षं मंडळात पखवाज वाजवायचे. आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. त्यांना पखवाज ऐकू येत नाही हे मला फार लागलं, आणि त्या दिवशी ठरवलं की पुढच्या गणपतीच्या आधी आवाजाचं काहीतरी करायचंच.

म्हणून हा यामाहाचा छोटा मिक्सर घेतला, म्हणजे माईकचा आणि बाकीचे आवाज एकत्र करून फोनला किंवा लॅपटॉपला देणारी वस्तू. अठरा हजारांच्या आतबाहेर पडला, निम्मे मंडळाचे निम्मे माझे. एक वर्ष झालं, दोन गणपती, चार डबलबाऱ्या (दोन बुवांच्या भजनाचा सामना), एक नामसप्ताह आणि घरातल्या घरात असंख्य वेळा वापरून झालाय, म्हणून आता लिहितोय. आठ दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. तळहातापेक्षा मोठा, वहीपेक्षा लहान, वजन पाऊण-एक किलोच्या आसपास. पहिला एजी०३ आला २०१५ ला, त्याचीच ही २०२२ ची दुसरी आवृत्ती. एक नंबरच्या चॅनेलला खरा माईक लागतो, एक्सएलआर (तीन पिनांची माईकची वायर) किंवा साधा मोठा जॅक दोन्ही चालतात, ४८ व्होल्टचं बटण आहे म्हणजे बाहेरून करंट लागणारा कंडेन्सर माईक सुद्धा चालतो, आणि त्याला सरकवायचा फेडर आहे. दोन-तीन नंबरला लाईन, म्हणजे कीबोर्ड, दुसऱ्या मिक्सरचं आउटपुट असं काहीही, दोन नंबरला गिटार पण थेट लागते. मग एक छोटं चार-पट्ट्यांच्या पिनचं भोक आहे, त्यात फोनची हेडफोनची वायर लावली की मिक्सरचा आवाज फोनमध्ये जातो आणि फोनचा आवाज मिक्सरमध्ये येतो. यूएसबी टाईप-सी आहे, लॅपटॉपला किंवा फोनला लावा, तो एक साउंड कार्ड म्हणून दिसतो. आणि करंटसाठी वेगळं ५ व्होल्टचं भोक, त्यात मोबाईलचा चार्जर किंवा पॉवर बँक. १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातो म्हणतात, जातही असेल, पण लाईव्हला ४८ च्या पुढे कशाला जायचं, पलीकडे तर सगळे फोनच्या स्पीकरवर ऐकणार.

पॉवर बँकवर चालतो हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. ज्यांचं घर शहरात आहे त्यांना हे कळणार नाही. भाद्रपदात आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, आणि भजन काही लाईटसाठी थांबत नाही, समई आहे, बॅटरी आहे, चालू. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी चौथ्या घरात बसलो होतो आणि बरोबर गौळणीच्या मध्यावर काळोख झाला, बुवा एक मात्रा पण चुकले नाहीत, आणि लाईव्हमध्ये चित्र काळं झालं पण आवाजाला एक धक्का सुद्धा लागला नाही. नंतर तिकडून मेसेज आले की काळोखातलं भजनच जास्त बरं वाटलं. दहा हजार एमएएचची साधी पॉवर बँक पूर्ण संध्याकाळ पुरते, मी तरी अजून संपलेली बघितली नाही. एक सांगतो, काही पॉवर बँक कमी करंट ओढला जातोय म्हणून आपोआप बंद होतात, मिक्सरवर माझ्याकडे तसं झालं नाही पण आधी घरी तासभर लावून बघा.

आता घराघरातलं भजन. आमच्याकडे संध्याकाळी आरती झाली की मंडळ घरोघरी फिरतं, एका रात्री सहा-सात घरं, प्रत्येक घरात अर्धा-पाऊण तास, मग चहा, उसळ, कुठे मोदक, की पुढचं घर. इथे साउंडवाला नसतो, माईक नसतो, सगळं उघड्या आवाजात. म्हणजे माझ्याकडे एक बॅग, त्यात मिक्सर, एक कंडेन्सर माईक, छोटा स्टँड, पॉवर बँक, हेडफोन. पाच मिनिटांत लागलं पाहिजे आणि दोन मिनिटांत निघालं पाहिजे, कारण चहा झाला की कोणी थांबत नाही.

एका माईकवर अख्खं मंडळ घ्यायचं तर माईक कुठे ठेवायचा हाच सगळा खेळ आहे, मिक्सर त्यात काही करू शकत नाही. आधी मी बुवांच्या तोंडासमोर ठेवायचो आणि झांजवाला बाजूलाच, मग झांजच झांज. आता स्टँड उंच करतो, माईक बुवांच्या डोक्याच्या थोडा वर आणि तोंड खाली बुवा आणि पखवाज यांच्या मध्ये, आणि झांजवाला माईकच्या पाठीकडे येईल असा बसवतो. माईक पाठीमागून कमी ऐकतो, बहुतेक माईक तसेच असतात. झांज कितीही लांब नेली तरी येतेच, तिची काळजी करायची नाही. गेन, म्हणजे माईकचा आवाज मुळात किती उचलायचा ते, किती ठेवायचा तर पखवाजीला सांगायचं एकदा गजराची लग्गी (जलद ठेका) पूर्ण जोरात वाजव, झांज पण, आणि लाल दिवा लागेल तिथून थोडं मागे. बोलण्यावर गेन लावला की गजराला फाटलाच समजा, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कशानेच सुधारत नाही. चेक करताना सगळे हळू वाजवतात आणि भजनात दुप्पट जोर येतो, तेवढी जागा आधीच सोडायची.

कौलारू घरात आवाज सुंदर येतो. माती, लाकूड, कौलांच्या फटी, आवाज घुमत नाही, वरून निघून जातो. नवीन स्लॅबची घरं झालीत, खाली टाईल्स वर सिमेंट, तिथे पखवाजाचा एक ठोका तीन वेळा ऐकू येतो. तिथे मी माईक अजून जवळ आणतो आणि घरातल्यांना सांगून मागच्या भिंतीला दोन चादरी टांगतो, वयनी हसतात, पण फरक पडतो. पत्र्याची पडवी असेल आणि पाऊस आला तर मात्र काही उपाय नाही, पावसाचंच लाईव्ह होतं.

मिक्सरवर कॉम्प-ईक्यूचं एक बटण आहे आणि इफेक्टचं एक. कॉम्प म्हणजे मोठा आवाज थोडा दाबून लहान वर आणतो, पण फोनसारखा वेड्यासारखा नाही, आणि किती दाबायचा ते लॅपटॉपवरच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं. घरातल्या भजनाला मी ते अगदी थोडं ठेवतो. इफेक्ट म्हणजे रिव्हर्ब, देवळासारखा घुमारा. बुवांना तो फार आवडतो, प्रत्येक वेळी विचारतात "तो घुमारो लावलंस मां?" आणि मी एकटा अभंग चालू असताना थोडा लावतो सुद्धा, पण सगळं वाद्यवृंद सुरू झालं की बंद, नाहीतर सगळा चिखल. त्यासाठी बटण हाताशी आहे हे बरं, मेनूत शिरावं लागत नाही. म्यूटचं बटण पण तसंच मोठं, खोकला आला, कोणी कानाशी येऊन "चाय घेतलास काय" विचारलं की दाबायचं.

आता डबलबारी, आणि इथे हा मिक्सर खरा कामाला आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर, एकाने बारी गायची मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं, सिंधुदुर्गात याला गर्दी कशी होते ते जत्रेत येऊन बघा. तिथे साउंडवाला असतो, त्याचा मोठा मिक्सर असतो, आणि माझा पहिला विचार होता की त्याच्या मिक्सरमधून एक वायर ओढली की झालं. ओढली. रेकॉर्ड आउट मधून माझ्या दोन-तीन नंबरच्या लाईनमध्ये. ऐकलं तर बुवा अगदी रेडिओसारखे स्वच्छ, पेटी स्वच्छ, पण पखवाज लांब कुठेतरी, झांज नाहीच, कोरस अर्धा. मला वाटलं साउंडवाल्याने काहीतरी चुकवलंय. त्याने समजावलं, भला माणूस आहे, म्हणाला अरे मंडपात पखवाज माईकशिवायच एवढा मोठा आहे की मी तो स्पीकरवर देतच नाही, झांजेला तर माईकच नाही. म्हणजे त्याच्या मिक्सरमध्ये फक्त तेवढंच आहे जे मंडपात कमी पडतं. मंडपात बसलेल्याला दोन्ही मिळून पूर्ण ऐकू येतं, वायरमध्ये मात्र अर्धंच येतं.

हे कळल्यावर सगळं सोपं झालं. एक नंबरच्या माईकला आपला कंडेन्सर, स्टेजच्या समोर तीन-चार मीटरवर, वर टांगलेला, तो मंडपाचा आवाज घेतो, पखवाज, झांज, कोरस, लोकांच्या टाळ्या. आणि दोन-तीनला साउंडवाल्याची लाईन, त्यात बुवांचे शब्द. दोघांचं मिश्रण हेडफोनवर ऐकून ठरवायचं. साठ टक्के लाईन, चाळीस टक्के मंडप असं काहीसं माझं बसतं, पण हे कान सांगतात, आकडा नाही. माईक फार मागे नेऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे माईक दहा मीटर मागे असेल तर मंडपाचा आवाज वायरच्या आवाजापेक्षा तीस मिलिसेकंद उशिरा येतो आणि बुवा दोनदा बोलल्यासारखे वाटतात. तीन-चार मीटरला दहा-बारा मिलिसेकंद, ते कानाला कळत नाही, उलट जागा मोठी वाटते. बारी रंगली आणि समोरून उत्तर आलं, लोक उठले की मी मंडपाचा फेडर थोडा वर नेतो, तेवढ्यासाठी सरकवायचा फेडर पाहिजेच, गोल बटणाने ते जमत नाही.

पहिल्या डबलबारीला घरघर आली. लाईन लावली की भूंऽऽ, काढली की शांत. दीड तास गेला त्यात. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर बंद. साउंडवाल्याचा मिक्सर जनरेटरवर, माझा लॅपटॉप शेजारच्या घरातल्या प्लगवर, दोन वेगळ्या अर्थिंगमधून वायरने जोडलेले, म्हणून ती घरघर. त्या रात्री लॅपटॉप बॅटरीवर चालवला. नंतर एक छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर घेतला, काही शे रुपयांची वस्तू आहे, लाईनच्या मध्ये लावायची, तेव्हापासून प्रश्न नाही. मिक्सर घेताय तर तो आयसोलेटर आणि दोन आरसीए-ते-मोठा-जॅक वायरी त्याच दिवशी घ्या. आमच्याकडे एक वायर तुटली तर कुडाळपर्यंत जावं लागतं, आणि रविवारी दुकान बंद असेल तर सोमवारची वाट बघावी लागते.

फोनने लाईव्ह करायचं की लॅपटॉपने, हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून नीट लिहितो. फोनला दोन रस्ते. एक, यूएसबी केबलने. आवाज डिजिटल जातो, स्टीरिओ जातो, स्वच्छ जातो. पण मग फोनचं चार्जिंगचं भोक अडकलं, आणि चार तासांची डबलबारी लाईव्ह चालू ठेवून फोनची बॅटरी टिकत नाही. मिक्सरला तेव्हा पॉवर बँकवरच ठेवा, फोनमधून करंट ओढायला देऊ नका. दुसरा रस्ता, त्या चार-पट्ट्यांच्या छोट्या वायरने फोनच्या हेडफोनच्या भोकात. मग चार्जर पण लावता येतो आणि रात्रभर चालतं. पण फोनचा माईकचा रस्ता मोनो असतो, डावा-उजवा एकत्र होतो, आणि आवाज यूएसबीइतका स्वच्छ नाही, थोडा पातळ वाटतो. घराघरातल्या भजनाला मी यूएसबी लावतो, अर्ध्या तासाचे तुकडे असतात, मध्ये चहाला फोन चार्ज होतो. डबलबारीला छोटी वायर, नाहीतर लॅपटॉप. नवीन फोनला हेडफोनचं भोकच नसतं, म्हणून मी माझा जुना फोन विकला नाही, तोच लाईव्हचा फोन.

आणि सगळी अ‍ॅप यूएसबीचा माईक पकडत नाहीत. चित्र येतं, आवाज फोनच्याच माईकचा येतो आणि तुम्हाला हेडफोनवर मिक्सरचा छान आवाज येत असतो म्हणून कळत पण नाही. माझं एकदा पाऊण तास तसं गेलं. आता मी आदल्या दिवशी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) लाईव्ह लावून पाच मिनिटं बोलतो आणि माईकवर नख घासतो, मग दुसऱ्या फोनवर ऐकतो, नख मोठं ऐकू आलं म्हणजे बरोबर माईक. यूट्यूबवर मोबाईलने लाईव्ह करायला चॅनेलला निदान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाईव्ह सुरू करून घेतल्यावर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, हे चतुर्थीच्या सकाळी कळून उपयोग नाही. लॅपटॉपवर ओबीएस हे लाईव्हचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही ५० ची अट नाही, पण तिथे चित्र मागे आवाज पुढे असं होतं, ओबीएसमध्ये आवाजाला मिलिसेकंदांत उशीर देता येतो, पखवाजावर पडणारी थाप बघत बघत जुळवायचं.

भजनं सिनेमाच्या चालींवर असतात, त्यामुळे कधी कधी लाईव्ह झाल्यावर व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम येतो. तो मिक्सरचा दोष नाही पण आवाज स्वच्छ झाल्यापासून माझ्याकडे जास्त येतात असं मला वाटतं. आम्हाला पैसे कमवायचे नाहीत म्हणून चालतं.

लूपबॅक नावाची एक सोय आहे, लॅपटॉपवर वाजणारा आवाज पण लाईव्हमध्ये मिसळतो. बारी सुरू व्हायच्या आधी जुन्या रेकॉर्डिंगमधला गजर लावून ठेवायला छान. पण व्हिडिओ कॉलच्या वेळी ती सोय बंद करा, नाहीतर पलीकडच्याला त्याचाच आवाज परत ऐकू येतो. श्रावणात आम्ही मुंबईच्या मंडळींबरोबर कॉलवर तालीम करतो, ते तिकडून चाल शिकवतात आम्ही इकडून म्हणतो. काका पखवाजाचे बोल सांगतात आणि माझा चुलतभाऊ वाजवतो, आणि या मिक्सरमधून गेल्यामुळे त्यांना पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी आणि शाईची उजवी पुडी वेगवेगळी ऐकू येते, "हात उघडो पडलो तुझो, दाबून मार" असं तिकडून सांगतात. फोनच्या माईकवर हे शक्यच नव्हतं. दोन्हीकडून एकदम वाजवणं मात्र नेटवर जमत नाही, आवाज पोचायला उशीर होतो, कितीही चांगला मिक्सर असू दे.

कमी काय आहे. माईक एकच. हे घेताना कळत होतं पण त्रास नंतर कळतो. नामसप्ताहात दोन गायक होते, दोघांना वेगळे माईक द्यायचे होते, नाही देता आले, साउंडवाल्याकडूनच घ्यावं लागलं. दुसरं, यूएसबीवर फक्त दोनच चॅनेल जातात, लाईव्हला सगळं मिसळून, म्हणजे नंतर घरी बसून पखवाज थोडा वाढवू म्हटलं तर होत नाही. जे मिसळलं ते मिसळलं. तिसरं, याच्यात स्वतःचं रेकॉर्डिंग नाही, मेमरी कार्ड नाही. नेटवर्क गेलं की लाईव्ह पण गेलं आणि रेकॉर्ड पण नाही, म्हणून मी हेडफोनच्या बाजूने दुसऱ्या जुन्या फोनमध्ये एक वायर टाकून रेकॉर्ड चालूच ठेवतो. आणि स्वतःची बॅटरी नाही, पॉवर बँक विसरलात तर मिक्सर म्हणजे नुसती वीट.

ज्यांना चार माईक हवेत त्यांनी झूमचा पॉडट्रॅक पी४ बघा, चार एक्सएलआर, दोन पेन्सिल सेलवर चालतो, मेमरी कार्डवर प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड करतो. कणकवलीकडच्या एका मंडळाकडे आहे, मी एक रात्र हाताळलाय, बोलण्याच्या कामाला उत्तम, फक्त त्याला मोठी सरकवायची फेडर नाहीत आणि माझा अर्धा खेळ फेडरवर आहे. अगदीच खिशात मावणारं हवं असेल तर रोलँडचा गो:मिक्सर प्रो-एक्स, फोनवरच चालतो नाहीतर चार छोट्या सेलवर, कंडेन्सर लावायचा तर सेल घालावेच लागतात. एकटा माणूस कीबोर्ड किंवा गिटार घेऊन बीचवर गातो, व्हिडिओ करतो, त्याला तोच बरा. आमच्यासारखं साउंडवाल्याची लाईन अधिक एक माईक, आणि हातात फेडर, यासाठी मला हाच बरोबर वाटतो.

खारी हवा आणि पाऊस यावर कोणी लिहित नाही म्हणून शेवटी लिहितो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे मिक्सर नुसता बॅगेत ठेवला तर जॅकची भोकं काळी पडायला वेळ लागत नाही आणि मग आवाज चरचरतो. मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा केलाय, भाताचे पापड ठेवतो ना तसला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत. आठवड्यातून एकदा तरी मिक्सर लावून तासभर चालू ठेवायचा, गरम होऊन आतली ओल जाते असा माझा अनुभव. वापर झाला की वायरी पुसून, समुद्रावर कार्यक्रम असेल तर कोरड्या कापडाने सगळं पुसूनच डब्यात. दर दोन महिन्यांनी जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वायर चार वेळा आत-बाहेर. कंडेन्सर माईकला ओल सहन होत नाही, भर पावसात उघड्या मंडपात नेला तर टकटक आवाज येतो, अशा वेळी मी साधा डायनॅमिक माईक घेतो, शुअर एसएम५८, तो १९६६ पासून आहे तसाच आहे आणि ओलीला दाद देत नाही, फक्त त्याला गेन जास्त द्यावा लागतो आणि तो जवळचंच ऐकतो. एक वर्षात मिक्सरचं एकही बटण खरखरलेलं नाही, हे डब्यामुळे की मुळात मजबूत आहे म्हणून ते मला नाही सांगता येणार.

या वर्षी पहिल्या दिवशी भजन संपलं आणि काकांचा फोन आला. काही बोललेच नाहीत थोडा वेळ, मागे त्यांच्याकडे टीव्हीवर आमचंच लाईव्ह अजून चालू होतं, अर्धा मिनिट उशिराने. मग म्हणाले, "डाव्या पुडीक कणीक कमी लावल्यान आज. सांग तेका." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने कणीक जास्त लावली.

कोणाला घ्यायचा असेल तर काळा आणि पांढरा असे दोन रंग येतात. आमच्याकडे पांढरा आहे आणि लाल मातीचे डाग त्याच्यावरून जात नाहीत, कोकणात राहत असाल तर काळा घ्या.